कापसाची खोली लेकीची झाली : तालुक्याच्या सुतार कारखान्याचा आमचा अनुभव

आमच्या घराच्या मागच्या अंगाला दहा बाय बारा फुटांची एक खोली आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तिला सगळे ‘कापसाची खोली’ असेच म्हणतात. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली आणि पहिला वेचा घरी आला, की तो या खोलीत भरायचा, आणि भाव वाढेल या आशेवर महाशिवरात्रीपर्यंत, एखाद्या वर्षी होळीपर्यंतही, तो तिथेच राहायचा. उरलेल्या महिन्यांत तिच्यात तुरीची पोती, फवारणीचे पंप आणि ताडपत्र्या असत. माझी मुलगी सोळाव्या वर्षापर्यंत आजीच्या खोलीत झोपली आणि बैठकीतल्या दिवाणावर, मांडीवर पाट घेऊन, अभ्यास करत राहिली. दहावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर तिने एकच गोष्ट मागितली, आणि ती म्हणजे आतून दार लावता येईल अशी खोली.

ती खोली आता तिची झाली आहे. तिच्यातले सगळे फर्निचर आम्ही तालुक्याच्या गावच्या एका सुतार कारखान्यातून बनवून घेतले. सामान घरी आल्याबरोबर चार चांगले शब्द लिहून मोकळे होता आले असते, पण मी मुद्दाम नऊ महिने थांबले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लाकडाची खरी परीक्षा मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली ओल घेते, आणि त्या दोन्ही परीक्षा झाल्याशिवाय दिलेल्या मताला फारसा अर्थ नसतो.

तयार फर्निचरचा विचार आम्ही केला नाही असे नाही. तीन वर्षांपूर्वी दिरांच्या मुलासाठी एका कंपनीचे टेबल आणि कपाट असा संच ऑनलाइन मागवला होता. दिसायला तो फार सुबक होता आणि किंमतही बेताची होती. परंतु तो पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांचा होता, आणि अशा फळीच्या कडेवरची पट्टी जराशी सुटली की आतला भुसा पाणी शोषून फुगू लागतो. आमच्याकडे मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत घरात कुलर चालतो. कुलर खोली गार करतो तो हवेत पाणी मिसळूनच. त्यात रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते. दोन वर्षांत त्या टेबलाचे चारही पाय तळाशी फुगले, स्क्रू धरेनासे झाले आणि कपाटाचे दार कलले. कंपनीकडे तक्रार केली तेव्हा पाण्यामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही असे उत्तर आले. जिथे चार महिने कुलरशिवाय झोपता येत नाही तिथल्या घरासाठी हे उत्तर काही उपयोगाचे नव्हते. म्हणून या वेळी लाकूडच घ्यायचे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत बनवून घ्यायचे, असे मी आणि मुलीच्या बाबांनी ठरवले.

हा कारखाना बसस्थानकापासून थोडा आत, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मिस्त्री, त्यांचा मुलगा आणि दोन कारागीर असे चौघे काम करतात. मुख्य धंदा लग्नातल्या आंदणाच्या सामानाचा आहे, म्हणजे दिवाण, आलमारी, शृंगारमेज वगैरे. ‘मुलीच्या अभ्यासाची खोली’ असे काम त्यांच्याकडे पूर्वी कोणी घेऊन आले नव्हते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. मला त्यांचा हा मोकळेपणा आवडला.

सागवानाबद्दल इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण आपण सागवानाच्या मुलखात राहतो आणि तरीही बहुतेक जण ते डोळे मिटून घेतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहूनच सागवान रवाना झाले होते. १९७४ साली स्थापन झालेले महाराष्ट्र वनविकास महामंडळ आणि वन विभाग यांच्या आगारांतून या लाकडाचा रीतसर लिलाव होतो, आणि तिथून निघालेल्या लाकडाबरोबर कागद असतात. मिस्त्रींनी लाकूड दाखवताना मी न विचारताच खरेदीची पावती आणि वाहतूक परवाना समोर ठेवला. आमच्या भागात चोरटे सागवानही स्वस्तात मिळते. अशा लाकडाचे टेबल लेकीच्या खोलीत ठेवायला माझे मन तयार झाले नसते, आणि पकडले गेले तर जप्ती होते ती वेगळीच. आपण ज्यांच्याकडे काम द्याल त्यांच्याकडे हे कागद जरूर मागा. जो कारागीर सरळ व्यवहार करतो त्याला असे विचारल्याचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट गाभ्याची. सागाच्या खोडाचा मधला गडद तपकिरी भाग म्हणजे गाभा. त्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे उधई (वाळवी) सहसा त्याच्या वाटेला जात नाही. बाहेरचा फिकट, पांढुरका भाग मात्र तितकाच साग असूनही कीड लागणारा असतो. रंधा मारून पॉलिश चढवले की दोन्ही जवळपास सारखेच दिसू लागतात, म्हणून लाकूड पॉलिशच्या आधी पाहायला हवे. आमच्या पलंगाच्या दोन फळ्यांना कडेला पांढरा पट्टा होता. तो मी दाखवल्यावर मिस्त्रींनी एक फळी बदलली आणि दुसरीचा पट्टा कापून काढला. त्याबद्दल त्यांनी जादा पैसे घेतले नाहीत.

ज्या दिवसामुळे हा कारखाना माझ्या मनात बसला तो दिवस मापे घेण्याचा होता. मिस्त्री आमच्या घरी आले ते खोली मोजायला येत आहेत असे मला वाटले होते. खोली त्यांनी पाच मिनिटांत मोजली. मग मुलीला एका लाकडी स्टुलावर बसवले, पाय जमिनीला पूर्ण टेकतात का ते वाकून पाहिले, स्टुलाखाली पाव इंचाची चपटी फळी सरकवली, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “आता नीट बस, माय, जशी पेपर लिवाले बसतं तशी.” तिने समोरच्या खोक्यावर वही ठेवली आणि पेन हातात घेतले. मिस्त्रींनी टेप बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसते तिच्या हाताकडे पाहत राहिले. “तू डाव्या हातानं लिवतं का व माय?” ती हो म्हणाली. त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग मी कागदावर काढून दिलेल्या आराखड्याकडे पाहिले. “मॅडम, हे टेबल तिकडच्या भिंतीले न्या लागते. इथं ठेवलं तं हिच्याच हाताची सावली हिच्या वहीवर पडीन.”

मी शिक्षिका आहे. वर्गात मुलांना बसवताना उजेड डावीकडून यावा असे आम्हाला शिकवलेले असते आणि मी ते वर्षानुवर्षे पाळत आले आहे. माझ्याच घरात सोळा वर्षे डावखुरी मुलगी असून आराखडा काढताना मला हे सुचले नाही, ते त्या गृहस्थांना पहिल्या अर्ध्या तासात दिसले. टेबल दुसऱ्या भिंतीला गेले आणि खिडकी तिच्या उजव्या हाताला आली. आता सकाळी सहापासून चारपर्यंत दिवा न लावता ती लिहू शकते.

टेबलाची उंची हा दुसरा मुद्दा. बाजारातले टेबल बहुधा तीस इंचांचे असते आणि ते मोठ्या माणसाच्या मापाने ठरलेले आहे. माझी मुलगी पाच फूट एक इंच आहे. तीस इंचांच्या टेबलावर तिचे खांदे वर चढतात, आणि तासाभराने मान दुखू लागली की ती पलंगावर जाऊन आडवी होऊन वाचते. मिस्त्रींनी खुर्चीची बैठक सोळा इंचांवर ठेवली, म्हणजे गुडघ्यामागची जागा दाबली न जाता तळपाय जमिनीला टेकतात. टेबल त्यांनी सत्तावीस इंचांचे केले आणि प्रत्येक पायाखाली बसतील असे दोन-दोन इंचांचे चार गुटके सागाचेच वेगळे करून दिले. मूल वाढले की गुटके लावायचे आणि टेबल एकोणतीस इंचांचे करायचे. गुटके पायाच्या तळातल्या खाचेत घट्ट बसतात, हलत नाहीत. मांडीवर येईल असा खण टेबलाच्या मध्यभागी घालायचा नाही, असेही त्यांनीच सुचवले. खण घातला की गुडघ्यांची जागा जाते, म्हणून तो एका बाजूला घेतला. टेबलाचा वरचा भाग चार फूट रुंद आणि दोन फूट खोल आहे. त्यावर उघडे पुस्तक, वही आणि अकरावीच्या रसायनशास्त्राचा जाडजूड ग्रंथ एकाच वेळी मावतात. सांधे खाचेत खाच बसवून केलेले आहेत. नऊ महिन्यांनंतर मी टेबलाच्या कोपऱ्यावर हात टेकून अंगाचा भार दिला तरी ते कुरकुरत नाही.

पलंगाच्या बाबतीत आमची घरात चर्चा झाली. सासूबाईंना खाली सामान ठेवता येईल असा पेटीचा दिवाण हवा होता, आणि शेतकऱ्याच्या घरात गोधड्या-चादरी ठेवायला जागा कमीच पडते हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु मागचे दार वाडीत उघडते, पावसाळ्यात विंचू निघतात आणि बंद पेटीच्या खाली झाडू जात नाही. मी उघड्या पलंगाचा आग्रह धरला आणि तो जमिनीपासून चौदा इंच मोकळा करून घेतला, म्हणजे रोज खालचा केर निघतो आणि टॉर्चचा उजेड पार भिंतीपर्यंत जातो. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. वर गादी कापसाची आहे. फोमच्या गादीत आमच्याकडच्या मे महिन्यात पाठ भाजल्यासारखी होते. कापसाची गादी घाम टिपते, तिला ऊन दाखवता येते आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून पुन्हा नवी करता येते. आपल्याच जिल्ह्यात पिकणारी वस्तू सोडून कारखान्यातला फोम आणण्याचे कारण मला दिसले नाही.

आता आलमारी. या सगळ्या कामात मी जिच्याबद्दल समाधानी नाही ती वस्तू हीच. सागाची आलमारी आमच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून प्लायवूडवर सनमायका अशी ठरली. प्लाय घेताना शिक्का पाहिला होता. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा प्लाय, आणि आयएस ३०३ म्हणजे साध्या वापराचा. खालचा तळ आणि पाय ७१० चे, वरचे खण ३०३ चे, असे मिस्त्रींनी सुचवले आणि खर्चाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. चूक झाली ती आलमारी किती खोल ठेवायची यात. येण्याजाण्याला जागा राहावी म्हणून आलमारी बाहेरून वीसच इंच खोल केली आणि मीही त्याला होकार दिला. हँगरला लटकवलेला कपडा आडवा नीट राहायचा तर निदान बावीस-तेवीस इंच लागतात. वीस इंचांत कुर्त्याच्या बाह्या आणि ओढण्या दारात अडकतात. दर वेळी दार लावताना त्या हाताने आत ढकलाव्या लागतात. लेकीने आता हँगर सोडून घड्या घालायला सुरुवात केली आहे. ज्यांनी आयुष्यात शेकडो आलमाऱ्या केल्या त्यांनी हे आधी सांगायला हवे होते, असे मला वाटते. शिवाय मेलामाइन पॉलिशचा वास खोलीत दहा दिवस राहिला. तितके दिवस दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून मुलीला आजीच्याच खोलीत झोपवावे लागले. पॉलिश कारखान्यातच पूर्ण सुकवून मग सामान पाठवले असते, तर हा त्रास टळला असता.

सगळ्यात मोठी तक्रार मुदतीची आहे. एप्रिलच्या सुरुवातीला वीस हजार आगाऊ दिले तेव्हा पंचवीस दिवसांत काम देतो असे ठरले होते. प्रत्यक्षात सत्तेचाळीस दिवस लागले. कारण विचारायची गरज नव्हती, कारण शेडमध्ये दर आठवड्याला नव्या दिवाणांची रांग दिसायची. लग्नसराईत आंदणाचे काम आधी होते आणि बाकीचे मागे पडते. मिस्त्रींची अडचण मी समजू शकते, कारण लग्नाची तारीख पुढे ढकलता येत नाही. परंतु मग पंचवीस दिवसांचा शब्द द्यायला नको होता. मी चार वेळा फोन केले आणि दोनदा एसटीने जाऊन आले. दर वेळी “पुढच्या सोमवारी” असेच उत्तर मिळाले. ज्यांना त्यांच्याकडून काम करवून घ्यायचे आहे त्यांनी ते दिवाळीनंतर लगेच द्यावे आणि मार्च ते मे हे महिने सरळ टाळावेत.

फर्निचरच्या आधी खोली तयार करावी लागली आणि त्यात आमचा जितका वेळ गेला तितका कोणी सांगितला नव्हता. सर्वांत आधी फवारणीची औषधे आणि पंप बाहेर काढले. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर तरी ही औषधे माणसे झोपतात त्या छताखाली असू नयेत, हे आम्ही शिकायला हवे होते. आता ती वाडीतल्या कुलूपबंद पेटीत आहेत. ज्या कोपऱ्यात डबे ठेवलेले असत तिथली फरशी तीनदा धुतली. कापसाचे तंतू आणि त्यातले अंगाला खाज आणणारे बारीक किडे भिंतीच्या भेगांतून ब्रशने काढावे लागले. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात उधईनाशकही सोडून घेतले, कारण बाकीच्या घरात चौकटींना उधई एकदा लागून गेलेली आहे.

आमचे घर काळ्या मातीवर आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे भिंतीला कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात आणि नुसत्या रंगाने त्या झाकल्या जात नाहीत. पहिल्या रंगाऱ्याने जुन्या चुन्यावरच पुट्टी ओढली. मी हटकले तेव्हा काही होत नाही म्हणाला. आठ दिवसांत पुट्टीचे पोपडे हाताने निघू लागले, कारण भुसभुशीत चुन्याच्या थराला काहीच धरून राहत नाही. त्याचे पैसे गेले ते गेलेच. दुसऱ्याने लोखंडी पट्टीने खरवडून भिंत प्लास्टरपर्यंत उघडी केली, भेगा थोड्या रुंद करून भरल्या, प्रायमर लावला आणि मग इमल्शनचे दोन हात दिले. भेगांपैकी एक या पावसाळ्यानंतर पुन्हा केसासारखी दिसू लागली आहे. बाकीची भिंत जशीच्या तशी आहे.

रंग मुलीने निवडला. तिला चारही भिंती गडद हव्या होत्या आणि आजीला ते अजिबात पसंत नव्हते. मी रंगपत्रिका घेऊन तिला दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा त्या खोलीत उभे केले. गडद भिंत उजेड पिते, मग तेवढ्याच दिव्यात पुस्तक अंधूक दिसते, हे तिने स्वतः पाहिले. शेवटी पलंगामागची एकच भिंत तुरीच्या पानासारखी गडद हिरवी केली आणि बाकीच्या तीन दुधी पांढऱ्या. ती हिरवी भिंत आता त्या खोलीची ओळख झाली आहे, आणि आता सासूबाईही पाहुण्यांना ती दाखवायला नेतात. पडदे सुती घेतले, आरसा जुनाच लावला.

उन्हाळ्याचा प्रश्न रंगाने सुटत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले, त्याने फरक पडला. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांबूची चटई सोडली, त्याने आणखी पडला. कुलर पूर्वेच्या खिडकीत बसवला आणि समोरची वरची झरोक्याची जाळी उघडी ठेवली, कारण आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कुलर काही वेळाने नुसता दमटपणा करतो. पलंग आणि टेबल कुलरच्या थेट फवाऱ्यात येणार नाहीत, याची जागा मिस्त्रींनीच आखून दिली होती.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने लिहिते. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा विजेचा धक्का लागून माणसे आणि लहान मुले जातात. लोखंडी पत्रा, पाणी आणि ओल्या पायांचे मूल एकत्र येते आणि बोर्डाला अर्थिंगच नसते. मुलांची खोली सजवायला निघालेल्या प्रत्येकाने पडद्यांच्या आधी अर्थिंग तपासून घ्यावे. आम्ही कुलरसाठी वेगळा पॉइंट, जाड तार आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. यासह खोलीच्या सगळ्या वायरिंगला तीन हजार नऊशे रुपये लागले. कुलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा, हा नियम तरीही आहेच. त्याच वेळी मोबाइल चार्ज करण्याचा पॉइंट पलंगाजवळ न घेता दाराशेजारी घेतला. त्यावर लेक दोन दिवस रुसली होती. आता रात्री फोन दाराशी असतो आणि ती झोपलेली असते.

आतली कडी लावायची की नाही, यावर घरात सगळ्यात जास्त बोलणे झाले. तिच्या बाबांना ती नको होती. मिस्त्री दार बसवत असताना सगळे ऐकत होते, पण मध्ये एक शब्द बोलले नाहीत. फक्त कडी वरच्या बाजूला न लावता मध्यावर लावली आणि गरज पडली तर बाहेरून पातळ पट्टीने उघडता येईल अशी घेतली. लेकीला हे माहीत आहे. तिने ते मान्य केले आहे.

विक्रीनंतरच्या सेवेला मी पूर्ण गुण देते. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, टेबलाचा खण अडकला. पावसाळी हवेत लाकूड रुंदीत फुगते आणि खण लाकडी पट्ट्यांवर सरकणारा होता. फोन केला त्याच्या तिसऱ्या दिवशी मिस्त्रींचा मुलगा मोटारसायकलवर रंधा घेऊन आला, खणाच्या दोन्ही बाजू किंचित उतरवल्या, पट्ट्यांना मेणबत्ती घासली आणि चहा घेऊन गेला. पैसे विचारले तर नाही म्हणाला. हिवाळ्यात तोच खण थोडा सैल झाला आहे, पण तो निघून येत नाही. आधीच धातूचे चॅनल लावून घेतले असते तर बरे झाले असते. आलमारीच्या एका बिजागरीचे स्क्रू सैल झाले होते, तेही त्याच भेटीत त्याने लांब स्क्रू घालून पक्के केले.

खर्चाचा हिशोब लपवण्यासारखा नाही. पलंग साडेसोळा हजार, टेबल नऊ हजार आठशे, खुर्ची बत्तीसशे, पुस्तकांची भिंतीवरची फळी बेचाळीसशे आणि आलमारी सतरा हजार तीनशे, म्हणजे कारखान्याचे एकूण एक्कावन्न हजार झाले. भिंतींच्या दुरुस्तीला आणि रंगाला साडेअकरा हजार, वायरिंगला वर लिहिलेले तीन हजार नऊशे, गादीला चार हजार सहाशे. सगळे मिळून एकाहत्तर हजार. कापसाच्या घरात ही रक्कम लहान नाही आणि ती आम्ही दोन हप्त्यांत, माझ्या पगारातून आणि तुरीच्या पैशांतून उभी केली. ज्यांना एवढे जमणार नाही त्यांना माझे सांगणे असे, की पलंग आणि आलमारी राहू द्या, जुनी खाट आणि लोखंडी पेटी चालते, परंतु टेबल आणि खुर्ची मुलाच्या मापाने सुताराकडून करून घ्या. आमचे ते तेरा हजार रुपये बाकी सगळ्यापेक्षा जास्त कामी आले.

कारखान्याला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण मुदतीसाठी आणि कमी खोल आलमारीसाठी कापला आहे. लाकूड, सांधे, मापे आणि शब्दाखातर घरी येऊन केलेली दुरुस्ती, यांत बोट ठेवायला जागा नाही.

या वर्षी दसऱ्याला मुलीच्या बाबांनी कापूस कुठे भरायचा हे आधीच ठरवले होते. समोरच्या ओसरीला ताडपत्री लावून तिथे जागा केली आणि अर्धा माल दिवाळीनंतर लगेच विकला. धाकटा मुलगा आठवीत आहे आणि उजव्या हाताने लिहितो. त्याच्या टेबलाची मापे मिस्त्रींनी डिसेंबरमध्ये घेतली, खणाला चॅनल सांगितले आहेत, पाच हजार आगाऊ दिले आहेत आणि या वेळी तारीख पावतीवर लिहून घेतली आहे.